धनादेश वटला नाही, तर काय करावे?
उधारीपोटी मिळालेला धनादेश ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा असलेल्या बँकेच्या मेमोसह परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार, ही माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत रकमेची स्पष्ट मागणी करणारी लेखी नोटीस देणेकऱ्याला पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याने १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी. ‘सोमवारी नक्की देतो’ अशा तोंडी वायद्यांवर विसंबून मात्र ही मुदत दवडू नये (आणि असे सोमवार बरेच येतात). नोटिशीचे पाकीट ‘घेण्यास नकार’ या शेऱ्याने परत आल्यास ते न फोडता जपून ठेवावे. देणगी किंवा भेट म्हणून दिलेल्या धनादेशाला हे कलम लागू होत नाही.