समुद्रासाठी काम करायचंय? आधी आपल्या नाल्यावर या

"ताई, समुद्र तर आपल्याकडे नाही. मग आपण काय करणार?" रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलामुलींकडून हा प्रश्न मला दर वर्षी येतो. उत्तर तापीच्या वाटेतच आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहते. त्यातले २२८ किलोमीटर महाराष्ट्रातले, आणि त्यातला बहुतेक भाग आपल्या खान्देशातून जातो. पुढे सुरत ओलांडून ती अरबी समुद्राला मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या सगळ्या तिलाच येऊन मिळतात. म्हणजे धुळ्यात पांझरेच्या काठावर टाकलेली पिशवी असो की यावल-रावेरच्या केळीबागेतून नाल्यात गेलेली, दोघींची वाट एकच.

मधे उकाई धरण आहे, तिथे बराच कचरा अडतो, हे मान्य. पण पुरात दरवाजे उघडले की पाण्याबरोबर तरंगणारा मालही पुढे सरकतो, आणि उन्हाने भुगा झालेलं प्लास्टिक तर कुठल्याच दरवाजाला अडत नाही. शिवाय धरणात अडलेला कचरा म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात आणि आपल्याच मासेमारांच्या जाळ्यात राहिलेला कचरा. तेव्हा समुद्रासाठी केलेलं काम आधी आपल्या गावाच्या उपयोगी पडतं.

मी तापीकाठच्या केळीच्या गावातली. घरी बाग आहे, नोकरी भुसावळला, आणि रविवार सकाळ नदीची. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: कचरा उचलणं सगळ्यांना जमतं, पण तो मोजून, वहीत लिहून, ती वही योग्य माणसापुढे ठेवणं फार कमी गट करतात. आणि फरक पडतो तो वहीमुळेच. खाली जे सांगते आहे ते या वहीभोवतीचं आहे.

जागा: नदी नको, नाल्याचं तोंड घ्या

नवीन गट हमखास घाटावर जातो. तिथे फोटो चांगले येतात, पण घाटावरचा कचरा कोणी टाकला हे कधीच कळत नाही. त्यापेक्षा गावाचा किंवा शिवाराचा नाला नदीला जिथे मिळतो तिथली १०० मीटरची पट्टी निवडा. समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा मोजणारे अभ्यासकही बऱ्याचदा १०० मीटरचीच पट्टी घेतात, त्यामुळे तुमचे आकडे पुढे कोणाला तुलनेसाठी वापरता येतील. दोन्ही टोकांना मोठा दगड रंगवून ठेवा किंवा जवळच्या झाडाची खूण लिहून ठेवा. दर वेळी तीच पट्टी, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.

नाल्याचा फायदा असा की त्याच्या मागे चालत गेलं की मालक सापडतो. चार बागा, एक आठवडे बाजार, एक मंगल कार्यालय. बोलायला जायचं कुठे हे तिथेच ठरतं.

दिवस

वर्षातून दोन मोजण्या पुरतात. एक पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर. दुसरी पावसाआधी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, गावात हात जास्त असतात, आणि आमच्याकडे तर माहेरवाशिणींनीच हे काम उचलून धरलं आहे. मात्र तेव्हाचं भुसावळचं ऊन माणसाला आडवं करतं. सकाळी सहाला सुरुवात, साडेआठला आवरायचं. पाण्याचा ड्रम आणि मिठाची चिमूट घातलेलं लिंबूपाणी सोबत ठेवा.

पावसाळ्यात नदीपात्रात उतरायचंच नाही. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की आपल्याकडे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं. पोहता येतं म्हणणाऱ्या मुलाला तर आधी काठावर बसवा.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. १९८६ पासून ही मोहीम चालू आहे, आणि तिथेही लोक वस्तू मोजून तक्त्यात भरतात. आपल्याकडे तेव्हा नदी भरलेली असते, म्हणून त्या दिवशी पात्राऐवजी बाजारपेठेतली गटार आणि गणपती विसर्जनाची जागा घ्या.

माणसं आणि सामान

सहा-सात जणांचा पक्का गट हवा, बाकीचे येतील-जातील. अठराच्या आतल्यांच्या घरून लेखी परवानगी घ्या. जाड रबरी हातमोजे, पायात बूट, लांब चिमटे, खताच्या रिकाम्या गोण्या, आणि हातात धरायचा वजनाचा लटकता काटा. काटा कुठल्याही केळीवाल्याकडे उसना मिळतो. झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, घोणस नाल्याच्या काठीच पडलेली असते. सुया आणि औषधाच्या बाटल्या लहान मुलांनी उचलायच्या नाहीत. फवारणीच्या बाटलीत तळाशी थेंब उरलेला असतोच, तो कातडीवर जाऊ देऊ नका.

कॉलेजात असाल तर रासेयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोला. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, सात दिवसांचं शिबिरही असतं, त्यात हे काम सहज बसतं. परवानगी आणि वाहन असे दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात.

वही

जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची वही घ्या. मोबाइलमध्ये नंतर भरा, पण नाल्यावर वहीच. ओल्या हाताने चालते आणि ग्रामसभेत टेबलावर ठेवता येते. पानावर वर तारीख, पट्टीचं नाव, किती जण, किती वेळ. खाली रकाने.

रकाने आपल्या भागाचे हवेत. किनाऱ्यावरच्या तक्त्यात स्ट्रॉ, बाटलीचं झाकण, सिगारेटचं थोटूक असतं. आमच्या नाल्यात पहिला मान केळीचा. घडावर चढवायच्या स्कर्टिंग बॅगा, झाड बांधायची प्लास्टिकची पट्टी, ठिबकच्या जुन्या नळ्या, जमिनीवर अंथरायचा मल्चिंग पेपर, खताच्या गोण्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. मग गावाचा माल: गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाउच, पत्रावळी-द्रोण, हातपिशव्या. शेवटचा रकाना निर्माल्य आणि मूर्ती. श्रावणात कानबाईचा सण, भाद्रपदात गणपती, यांनंतरच्या मोजणीत तो रकाना फुगतो. कापसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी बियाण्याच्या पाकिटांसाठी वेगळा रकाना करावा.

प्रत्येक रकान्यात दोन आकडे: नग आणि वजन. पुडी वजनात दिसत नाही, नळी नगात दिसत नाही, म्हणून दोन्ही. माती झटकून, पाणी निथळून मगच काट्याला लावा.

स्कर्टिंग बॅगेजवळ जरा थांबा. पूर ओसरला की नाल्याकाठच्या बाभळींवर डोक्याच्या उंचीला त्या लटकलेल्या दिसतात, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवत. दिवाळीनंतर उतरवल्या तर अख्ख्या येतात. उन्हाळाभर तशाच राहिल्या तर आखाजीला हात लावताच चुरा होतो, निळसर भुगा बोटांना चिकटतो आणि उरलेला वाऱ्यावर जातो. तो भुगा पुन्हा कोणी गोळा करू शकत नाही. म्हणून दिवाळीनंतरची मोजणी चुकवू नका, आणि बॅगा काट्यांतून ओढून फाडू नका, फांदी वाकवून सोडवा. एक जण फांदी धरतो, एक जण सोडवतो, तिसरा गोणी धरतो.

वही घेऊन कोणाकडे जायचं

आधी बागवाल्याकडे, तेही त्याच्या बांधावर, एकटं नाही आणि घोळक्यानेही नाही. दोघं पुरे, त्यातला एक गावातलाच ओळखीचा. आमच्या शिवारातल्या एका आप्पांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ठेवू कुठी मी हे?" प्रश्न रास्त होता. घड कापणीच्या दिवशी मजूर घाईत असतात, गाडी उभी असते, बॅग काढून बांधावर पडते. त्यांना आम्ही बागेच्या तोंडाशी दोन गोण्या टांगून दिल्या आणि मुकादमाला सांगितलं. पुढच्या मोजणीत त्या नाल्यातल्या बॅगा घटल्या, ते आम्ही आप्पांना वहीत दाखवलं. आता शेजारच्या बागवाल्याला तेच सांगतात. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून कधी बोलू नका. केळीला भाव नसताना घड जपायला तो ही बॅग विकत आणतो.

जमलेल्या मालाला वाट हवी. ठिबकच्या नळ्या भंगारवाला आनंदाने घेतो, धुतलेल्या असतील तर जास्त भावाने. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, तिथे जुन्या प्लास्टिकचा दाणा वापरला जातो. कोणतं प्लास्टिक चालतं हे त्यांना आधी नमुना दाखवून विचारा. स्कर्टिंग बॅगा कोरड्या आणि वेगळ्या ठेवल्या तरच कोणी हात लावतं, मातीत मिसळलेल्या कोणी घेत नाही. बांधावर जाळणं हा मार्ग नाही, तो धूर आपल्याच घरात येतो. औषधाच्या बाटल्या भंगारात अजिबात देऊ नका, त्या पुन्हा तेल-तुपाला वापरल्या जातात. शेतकऱ्यालाच सांगा: तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात घालायचं, मग बाटलीला भोक पाडायचं. गोळा झालेल्यांचं काय करायचं ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

दुकानदारांकडे जाताना कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, ग्लास, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल बंद आहे. तरी पहिल्या भेटीत बंदीचा विषय काढू नका. वहीतलं पान दाखवा, तेवढ्याने निम्मे ऐकतात.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्या सुमारास ती होते. विषय आयत्या वेळी मांडू नका, आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अठराच्या आतल्यांना मत नाही, पण ग्रामसभेआधी महिलांची सभा असते, तिथे आई-काकूंमार्फत ठराव मांडला की पुढे त्याचं वजन वाढतं. मागणी एकच आणि छोटी ठेवा: नाल्याच्या तोंडाशी गोळा करायची एक शेड, किंवा आठवड्यातून एक ट्रॅक्टर फेरी. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला हिस्सा असतो, त्याचं नाव अर्जात घ्या.

इंडोनेशियात बाली बेटावर मेलाती आणि इसाबेल विज्सेन या बहिणींनी २०१३ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध काम सुरू केलं तेव्हा त्या १२ आणि १० वर्षांच्या होत्या. बालीत बंदी आली २०१९ मध्ये. मुंबईत वर्सोव्याचा किनारा अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये साफ करायला घेतला, तेही आठवड्यामागून आठवडे. तुमच्या ठरावाला दोन-तीन ग्रामसभा लागल्या तर तो उशीर समजू नका.

जाळी

नाल्यावर बांबूची तरंगती जाळी लावायची हौस सगळ्यांना असते. आधी वर्षभराची वही भरू द्या. मग ग्रामपंचायतीला विचारून, फक्त छोट्या नाल्यावर लावा. बांबूखाली जाळी हातभरच सोडायची, म्हणजे मासे खालून जातात. एका काठाची गाठ कच्ची ठेवा, मोठ्या लोंढ्यात ती सुटली पाहिजे, नाहीतर पाणी तुंबून शेजारच्या शेतात शिरतं. आणि रोज कोण साफ करणार त्याचं नाव ठरल्याशिवाय जाळी बांधूच नका.

पुढची बॅच

बारावी झाली की पोरं पुण्याला, नाशिकला जातात. दर वर्षी आठवी-नववीतली दोघं तरी गटात घ्या आणि पहिल्या मोजणीपासून काटा त्यांच्याच हातात द्या. वहीची मूळ प्रत कोणाच्या घरी ठेवू नका, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा गावच्या वाचनालयात ठेवा, आणि प्रत्येक मोजणीनंतर पानांचे फोटो गटातल्या तिघांकडे असू द्या.