टेलिस्कोपिक पोलचा क्लॅम्प सैल पडला तर

खिडक्या धुण्याच्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या पोलचा क्लॅम्प (लिव्हरने नळी जागी धरणारी पकड) सैल झाला की पहिला हात स्क्रूकडे जातो. तिथेच चूक होते. आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा. लिव्हर बंद करून वरची नळी खाली दाबा. नळी आत सरकली, तर पकड कमी आहे. क्लॅम्पच खालच्या नळीवर गोल फिरला, तर त्याचा गोंद सुटला आहे. मग स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही.

पकड कमी असेल तर पोलचे भाग सुटे करून नळ्या आणि क्लॅम्पची आतली बाजू साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरड्या करा. बऱ्याचदा दोष वाळूच्या कणांचाच असतो. तरीही घसरत असेल तर लिव्हर उघडा ठेवून स्क्रू पाव फेरा आवळा, तपासा, गरज पडल्यास पुन्हा पाव. लिव्हर अंगठ्याने बंद झाला पाहिजे. तळहाताचा जोर लागला तर जास्त आवळले गेले; कार्बनची नळी अशाच दाबाने चिरते. तेल किंवा सिलिकॉन स्प्रे अजिबात नको.

गोंद सुटला असेल तर जुना थर खरवडा, क्लॅम्प आणि खालची नळी जिथे चिकटतात ते दोन्ही पृष्ठभाग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोन भागांचा इपॉक्सी (मिसळून लावायचा पक्का गोंद) पातळ लावा. आतल्या, म्हणजे वरच्या नळीला लागला तर पोल कायमचा जाम, म्हणून ती आधीच काढून ठेवा. २४ तास हात लावू नका.