आबांना मनाविरुद्ध ॲडमिट करायची वेळ आलीय? या चुका टाळा

आबा रात्री तीनला उठून दाराला कुलूप घालतात, सून जेवणात विष घालती म्हणतात, दवाखान्याचं नाव काढलं की काठी उगारतात. घरात सगळे दमलेले, आणि मग कुणीतरी म्हणतं, गाडीत घाला आणि रत्नागिरीच्या मेंटल हॉस्पिटलला नेऊन सोडा. थांबा जरा.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते, ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून मोकळं व्हायचं. माणूस आठवड्याभरापूर्वी रंकाळ्यावर फिरून यायचा आणि दोन-तीन दिवसांत अचानक बरळायला लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री आरडाओरडा असं चाललं असेल तर ते डेलिरियम असू शकतं, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं मेंदू गोंधळलेला. सोडियम कमी झालेलं असतं, युरिन इन्फेक्शन असतं, शुगर उतरलेली असते, नाहीतर नवीन सुरू केलेली गोळी बाधलेली असते (झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या पण यात आल्या बरं का). म्हणून आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) नाहीतर तुमचे नेहमीचे फिजिशियन, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नरसोबाच्या वाडीला जायचं तर जावा की, दत्ताला हात जोडा, पण त्याआधी रक्त-लघवी तपासा.

शारीरिक काही निघालं नाही तर सायकियाट्रिस्ट. आता इथं दोन गैरसमज आहेत. जुनी माणसं म्हणतात कोर्टाची ऑर्डर लागती, ते 1987 च्या कायद्यातलं डोक्यात बसलंय. आणि पोरांना वाटतं मुलाची सही झाली की काम झालं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दोन्ही नाही. दोघांनी, एक सायकियाट्रिस्ट आणि दुसरा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ किंवा डॉक्टर, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासून सांगावं लागतं की आजार गंभीर आहे आणि त्यामुळं जिवाला धोका आहे, दुसऱ्याला धोका आहे, किंवा स्वतःकडं बघणं इतकं सुटलंय की त्यातूनच इजा होईल. त्यामुळं डॉक्टरांना ‘लई त्रास देतात हो’ सांगून उपयोग नाही. कधी काठी मारली, गॅस किती वेळा चालू ठेवला, किती दिवस जेवले नाहीत, हे तारखेनिशी वहीत लिहा. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला काढा, पावण्यांच्या ग्रुपवर टाकायला नव्हे.

भरतीच्या अर्जावर सही कुणाची, यावरून भावाभावांत भांडणं लागतात. आबांनी आधी लेखी कुणाला प्रतिनिधी नेमलं असेल तर अर्ज त्याच माणसाचा चालतो, मग ती इचलकरंजीला दिलेली लेक का असेना. जमिनीचं, घराचं भांडण यात आणूच नका.

चहात गोळी विरघळवून देणं हे तर घरोघरी चालतं. अहो, विष घालतात असा संशय असलेल्या माणसाला चोरून औषध घातलं आणि त्याला कळलं, तर त्याचा संशय खराच ठरला की! वर डोस चुकला तर गुंगीत पडून खुब्याचं हाड मोडतं. ‘पेन्शनच्या कामाला जाऊया’ म्हणून फसवून नेणं पण तसलंच, पुढच्या फॉलोअपला माणूस गाडीत बसत नाही.

आत्ताच्या आत्ता धोका असेल तर वाट बघू नका. 112 ला फोन करा, 108 ची ॲम्ब्युलन्स बोलवा. अशा वेळी कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर, घरी असो नाहीतर दवाखान्यात, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. नुसतं काय करावं कळत नसेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात आणि पैसे पडत नाहीत.

ॲडमिट झाले म्हणजे सुटलो असं समजू नका. मनाविरुद्धची ही भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची, पुढं ठेवायचं तर परत तपासणी आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य बोर्डाची मंजुरी लागते. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर वॉर्ड म्हणजे वृद्धाश्रम नव्हे, माणूस घरी येणारच. म्हणून भरतीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्या, घरी आल्यावर कुठली गोळी कधी, रात्री जागायला कोण, आणि परत बिघडलं तर कुणाला फोन करायचा.