बारा महिने एकच चहा? सीमाभागातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

चहा बिघडला की पहिला ठपका पावडरीवर येतो. दुकान बदलतं, पुडा बदलतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि मग घरातलं कुणीतरी कप बाजूला सरकवून विचारतंच, "आज काय घातलंयस ह्यात?"

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात पावडरीपेक्षा पाणी, दूध आणि हवा जास्त खोड्या करतात. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे ऊन दिसत नाही, काड्यापेटीची काडीसुद्धा धड पेटत नाही. त्याच जिल्ह्याच्या ईशान्येला अथणीत तेव्हा लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात. चहा मात्र सगळीकडे, सगळ्या ऋतूंत, चौघांना आणि चाळिसांना त्याच चमच्याने आणि तेवढ्याच उकळीने होतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच आहे.

पावसात चहा फाटतो, आणि बोलणी गवळ्याला

आषाढात आल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, आणि नेमका आल्याचाच चहा फाटतो. दर वेळी दूध शिळं असतं असं नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. दूध कोमट असताना त्यात किसलेलं आलं पडलं की ते दुधाला धरतं. पातेल्याच्या कडेला आधी बारीक रवाळ कणी दिसते, मग मधल्या उकळीत तीच कणी वर येते आणि खाली पिवळसर पाणी सुटतं. एवढं झाल्यावर गाळून, ढवळून काही उपयोग नाही.

क्रम बदला, बाकी काही नको. पाण्यात ठेचलेलं आलं घालून तीन-चार मिनिटं खळखळ उकळू द्या. त्या उष्णतेने एन्झाइम निकामी होतं आणि आल्याचा झणका मात्र पाण्यात राहतो. मग पावडर, आणि शेवटी तापवलेलं दूध. फ्रिजमधलं गार दूध थेट ओतलं की उकळी मोडते, पातेलं परत तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पावडर कडवट होऊन बसते.

गुळाच्या चहाचं दुखणं वेगळं. गूळ किंचित आंबट असतो, शिवाय त्यात क्षार असतात. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की फाटण्याची भीती कायम. त्यात पावसाळ्यात घरातली ढेप ओल धरते, पाझरते, आणि तिला आंबूस वास यायला लागतो. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाल्यावर आणलेल्या नव्या गुळाने जो चहा छान व्हायचा, तोच श्रावणात दगा देतो तो यामुळे. पावसाळ्यात गूळ किसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चहा करताना गूळ पाण्यातच विरघळवा, पावडर घालून उकळा, गॅस बंद करा, आणि मग गरम दूध ओता. पुन्हा गॅसवर चढवू नका. कुणी उशिरा आलं आणि त्याला गरम हवा असेल, तर त्याच्यापुरता नवा करा.

परसातली गवती चहाची पात पावसात जोमाने वाढते, म्हणून मूठभर कोंबायची नसते. चौघांना दोन पाती पुष्कळ झाल्या. जास्त झाली की चहाला चक्क साबणाचा वास येतो.

आणि पावडरीचा डबा गॅसच्या शेजारी, फोडणीच्या डब्याला चिकटून ठेवू नका. चहाची पूड ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. खानापूर तालुक्यातल्या पावसात अर्धा किलोचा पुडा उघडाच ठेवला तर पंधरवड्यात त्याचा सुगंध गेलेला असतो. छोटे पुडे आणा आणि ओला चमचा आत घालू नका.

पाणी जड असेल तर पावडर वाढवू नका

मार्च संपला की बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत टँकर आणि बोअरच्या पाण्यावर वेळ येते. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीच्या भागात तर अनेकांना बोअरचं पाणी बारमाही आहे. अशा जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं. ते चहातल्या द्रव्यांशी जुळतं, वर मळकट तवंग येतो आणि रंग उठत नाही. मग गृहिणी काय करते? आणखी एक चमचा पावडर. रंग तेवढा येत नाहीच, पण तुरटपणा दुप्पट होतो. काही ठिकाणी रंगासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. रंग येतो, पण चव मेलेली असते.

पाणी आदल्या रात्री उकळून ठेवा. सकाळी तळाला बसलेला पांढरा साका न हलवता वरचं पाणी घ्या. काही प्रकारचा जडपणा तेवढ्याने कमी होतो. किंवा पिण्याचं फिल्टरचं पाणीच चहाला वापरा. चहाच्या पातेल्यात आतून पांढरी पुटं चढत असतील, तर तुमच्या घरी हा प्रश्न आहे असं समजा.

सोडा न घालताही रंग भसाभस उतरत असेल, तर उलट शंका घ्या. टिपकागदावर थोडी कोरडी पावडर पसरा, वर पाण्याचे थेंब शिंपडा, काही वेळाने पावडर काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध पावडरीचा डाग राहत नाही; भेसळीचा रंग असेल तर काळपट-तपकिरी ठिपके राहतात. अन्नसुरक्षा खात्याने घरच्या घरी करायला सांगितलेली ही चाचणी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकात गोबी मंच्युरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आली तेव्हा आपल्याकडे गाड्यांवर बरीच चर्चा झाली. त्याच गाड्याशेजारच्या चहाकडे मात्र कुणी बघितलं नाही.

थंडीत मसाल्याची दुकानदारी

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट हाडात शिरते, आणि चहात लवंग, मिरे, दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध, तुळस सगळं एकदम पडतं. तो चहा राहत नाही, काढा होतो. दोन मसाले निवडा. सुंठ-वेलदोडा बरा, मिरे-गवती चहाही बरा. वेलदोडा सोलून अगदी शेवटी घाला. आधी घालून दहा मिनिटं उकळला तर सुवास स्वयंपाकघरात फिरतो, कपात येत नाही.

ज्येष्ठमध खोकल्याला चांगला म्हणून रोज घालणारी घरं आहेत. रक्तदाब असलेल्यांनी हे करू नये. नियमित आणि जास्त प्रमाणात घेतला तर ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. बाजारातली जाड सालीची दालचिनीही रोज चमचाभर घालायची वस्तू नव्हे. तिच्यातलं कुमारिन नावाचं द्रव्य जास्त गेलं तर यकृताला त्रास देतं.

थंडीत संध्याकाळनंतर चहाची तलफ आली तर आपल्याकडचा कषाय आहेच. धने, जिरे, थोडे मिरे, सुंठ भाजून केलेली पूड पाण्यात उकळायची, गूळ घालायचा, उतरवून दूध. शेजारच्या कन्नड घरांत हा अजून रोज होतो. मराठी घरांत आजी गेली की बरणी रिकामी राहते, हे काही बरोबर नाही. यात कॅफीन नाही, त्यामुळे झोपेचं खोबरं होत नाही.

उन्हाळ्यात गार चहा गढूळ का होतो

कडक कोरा चहा करून तसाच फ्रिजमध्ये ठेवला की तो गढूळ होतो. चहातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना धरून बसतात, म्हणून. तो खराब झालेला नसतो, पण पाहुण्यांपुढे ठेवावासा वाटत नाही. रोजची बारीक दाणेदार सीटीसी पावडर यासाठी चुकीचीच. निलगिरीच्या डोंगरातला पानाचा चहा आणा, एक लिटर गार पाण्यात आठ-दहा ग्रॅम टाका आणि झाकून सहा-आठ तास फ्रिजमध्ये ठेवा. कडू न होता स्वच्छ रंग येतो. लिंबू पिळायचं ते कपात, पातेल्यात नाही. आणि लिंबाच्या चहात सवयीने दूध ओतणारे लोकही आहेत, त्यांना काय सांगायचं!

उन्हात काम करणाऱ्याला "चहाने अंगातलं पाणी कमी होतं" म्हणून घाबरवू नका. दोन-तीन कपांनी तसं होत नाही. पण ऊस तोडताना किंवा वीटभट्टीवर तहान चहावरच भागवणं ही चूक आहे. तिथं आधी पाणी, ताक, कोकम, चहा नंतर.

तब्येतीसाठी: किती, कधी, कशाबरोबर

चहात पॉलिफेनॉल असतात, ते शरीराला चांगले, हे खरं. पण मोठा कप, दोन चमचे साखर आणि दिवसातून पाच वेळा, यात फायदा शोधायला जाऊ नये. एक चमचा साखर साधारण पाच ग्रॅम. पाच कपांत पन्नास ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या वरच्या साखरेसाठी जी कमाल मर्यादा सांगते ती साधारण तेवढीच, आणि पंचवीसच्या आत राहिलात तर आणखी चांगलं. म्हणजे कुंदा, शिरा, सणाचा मांडा यांना जागाच उरली नाही.

"आम्ही गुळाचा पितो" हे उत्तर यावर चालत नाही. गुळात थोडे क्षार जास्त असतील, पण उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच आणि रक्तातली साखरही वाढतेच. मधुमेह असलेल्या माणसाला गुळाचा चहा आग्रहाने पाजणं म्हणजे त्याच्यावर प्रेम करणं नव्हे.

याहून मोठी चूक म्हणजे जेवण झाल्याझाल्या चहा. चहातली टॅनिन ही तुरट द्रव्यं भाजी-भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीराला मिळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. घरात रक्त कमी असलेली मुलगी, बाळंतीण किंवा गरोदर बाई असेल तर हे कटाक्षाने पाळा. लोहाची गोळी चहाबरोबर घेणं म्हणजे गोळी बऱ्यापैकी वाया घालवणं. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. थायरॉईडची सकाळची गोळीही पाण्याबरोबरच, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने.

त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला तीनशे मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा दिलीय, आणि दीडशे मिलिलिटर चहात तीस ते पासष्ट मिलिग्रॅम असतं. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला रात्रभर जागायचं असेल तर दहाचा चहा कामाचा. एरवी झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी रात्रीच्या जेवणाआधीचा कप बंद करून बघा.

आणि चटका बसेल असा चहा पिऊ नका. पासष्ट अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१६ साली जाहीर केलं. बशीत ओतून फुरके मारत पिणाऱ्या म्हाताऱ्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाहुणे आले की

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तीस बायका येणार, म्हणून दोघांचं माप पंधरा वेळा घातलं की चहा हमखास फसतो. छोट्या पातेल्यात बरंच पाणी आटतं, मोठ्या टोपात त्या मानाने कमी, त्यामुळे जादा घातलेलं पाणी तसंच राहतं. शंभर मिलिलिटरच्या तीस कपांना पावणेदोन लिटर पाणी, दीड लिटर दूध आणि साठ ग्रॅम पावडर हे माप जमून येतं. पावडर अंदाजाने नको, काट्यावर मोजा.

खरी चूक मात्र पुढची: सगळं एकत्र करून टोप मंद आचेवर ठेवायचा आणि दोन तास वाढत राहायचं. पहिल्या पाच जणींना चहा मिळतो, शेवटच्या पाच जणींना चिकट तपकिरी लापशी. त्यापेक्षा पावडर पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून लगेच गाळून घ्या. हा कोरा चहा एका किटलीत, गरम दूध दुसऱ्या भांड्यात. आठ-दहा जणी आल्या की तेवढंच मिसळून उकळी आणा. थर्मासात भरायचा असेल तर आधी थर्मास कढत पाण्याने विसळून घ्या, नाहीतर चहा भरताभरताच निवतो. दुधाचा चहा त्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

हॉटेलातून पार्सल आणताना पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत उकळता चहा घेऊ नका, घरची किटली न्या. कागदी कपही आतून प्लॅस्टिकच्या पातळ थराचे असतात. आयआयटी खरगपूरच्या एका अभ्यासात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं अशा कपात राहिलं तर सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात असं दिसलं. वैनी म्हणतात, कप धुवायला कोण बसणार? स्टीलचे छोटे पेले काढा, दोन पोरांना विसळायला बसवा.

गणपतीत एका दुपारी सात-आठ घरं फिरणाऱ्या पाहुण्याला काठोकाठ कप देऊ नका. हॉटेलात मागतो तसा घरीही सरळ बाय टू, म्हणजे एका कपाचे दोन अर्धे, करा. साखर न घालता चहा करून साखरेची वाटी आणि चमचा ट्रेमध्येच ठेवा, म्हणजे शुगर असलेल्या मामांना सगळ्यांसमोर तसं जाहीर करावं लागत नाही, आणि गोड लागणाऱ्या काकांनाही दुसऱ्यांदा मागावं लागत नाही.