पीसीडीवरची सहा भोकं, साइन-कॉस न करता

८० पीसीडीवर (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात, त्याचा व्यास ८० मिलिमीटर) एम १० टॅपची, म्हणजे १० मिलिमीटर आट्यांची, सहा भोकं म्हटली की नवी पोरं कॅल्क्युलेटर काढतात. ३४.६४१ चार वेळा टाइप करायचं, त्यात एक उणे राहिलं की जॉब भंगारात! सीएनसी मशीनच्या फानुक कंट्रोलला पोलरचा, म्हणजे त्रिज्या आणि कोन देऊन जागा सांगायचा, ऑप्शन असेल तर हा उपद्व्याप कशाला?

जॉबच्या मधल्या बोअरला डायल लावून मध्य जी ५४ मध्ये (जॉबचं शून्य) घे. ड्रिल ८.५ चं. एमएसला (माइल्ड स्टीलला) साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलने मी ९०० आरपीएम ठेवतो. टूल क्लॅम्पच्या वर आणून (जी ९८ दर भोकानंतर त्याच उंचीवर परत नेतो):

जी १७ जी ९० जी १६
जी ९८ जी ८१ एक्स ४०. वाय ०. झेड -२३.५ आर ३. एफ १३५.
जी ९१ वाय ६०. के ५
जी १५ जी ८०
जी ९०

जी १६ ने पोलर चालू, जी १५ ने बंद; जी ८१ ने ड्रिलिंग चालू, जी ८० ने बंद. इथे एक्स म्हणजे त्रिज्या, वाय म्हणजे कोन. जी ९१ म्हणजे आधीच्या जागेपासून मोजायचं, जी ९० म्हणजे शून्यापासून. के म्हणजे ती ओळ किती वेळा करायची; के ५ च, ६ नाही. पहिलं भोक आधीच्या ओळीतच झालंय. काही जुन्या कंट्रोलवर के ऐवजी एल लागतो. प्लेट २० ची, तरी झेड २३.५, कारण ड्रिलचं टोकच अडीच मिलिमीटर खातं. म्हणून खाली पॅरलल (सारख्या उंचीचे ठोकळे) ठेव, आणि तेही भोकांखाली येणार नाहीत असे.

शेवटचा जी ९० टाकायचा राहिला, तर जी ९१ च चालू राहील; मग पुढचं टूल झेडमध्ये कुठवर घुसेल ते तूच बघ. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवरच (एकेक ओळ थांबत) चालव.