सायकलला सस्पेन्शन कोणते घ्यावे?

सस्पेन्शन निवडण्यापूर्वी आपली सायकल आठवड्यातून किती वेळ कोणत्या रस्त्यावर धावते, याचा प्रामाणिक हिशेब करावा. घर ते कार्यालय असा डांबरी रस्ता आणि अधूनमधून खड्डे एवढाच प्रवास असेल, तर सस्पेन्शन नसलेला साधा चिमटाच (पुढचे चाक धरणारा फोर्क) उत्तम. स्वस्त सायकलींवरचा स्प्रिंगचा फोर्क जड असतो आणि त्यात बहुधा उसळी आवरणारा तेलाचा डॅम्पर नसतो, त्यामुळे खड्ड्यात दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरात उसळते. शिवाय चढावर उभे राहून पॅडल मारताना पायांचा बराचसा जोर फोर्क दाबण्यातच खर्च होतो. त्यापेक्षा फ्रेममध्ये मावतील एवढे रुंद टायर बसवून त्यांत हवा थोडी कमी ठेवणे स्वस्त पडते.

मुरमाड वाटा आणि टेकड्यांवरील पायवाटांसाठी १०० ते १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, पुढचा फोर्क असलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) पुरेशी ठरते. मागेही शॉक असलेली, १३० ते १५० मिमी ट्रॅव्हलची सायकल खडकाळ उतारांवर वारंवार जाणाऱ्यांनीच घ्यावी, कारण तिच्यातील बेअरिंगांची निगा आणि जास्तीचे वजन यांची किंमत रोज मोजावी लागते. डाउनहिल स्पर्धांच्या सायकलींना २०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल असतो. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा उपयोग नाही.

हवेचा फोर्क हलका असतो आणि शॉक पंपाने स्वाराच्या वजनानुसार जुळवता येतो, तर कॉइलचा, म्हणजे धातूच्या स्प्रिंगचा, फोर्क जड असला तरी बारीक खडबडीतपणा अधिक सहज शोषतो. हवेचा दाब ठरवताना छापील तक्त्यावर थांबू नये. हेल्मेट, पाठपिशवी व पाण्याच्या बाटलीसह सायकलवर स्थिर राहून फोर्कवरील रबरी कडे खाली सरकवावे, हळूच उतरावे आणि कडे किती सरकले ते मोजावे. हा सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने फोर्क जेवढा दबतो ते अंतर, एकूण ट्रॅव्हलच्या १५ ते २५ टक्के असावा. म्हणजे १२० मिमीच्या फोर्कवर १८ ते ३० मिमी. लांबच्या चढांसाठी त्यातला कमी आकडा धरावा. त्यानंतरच रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू फिरवावा.

जुन्या सायकलवर लांब ट्रॅव्हलचा फोर्क बसवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने पुढचा भाग उंच होतो, हँडल वळवण्याची तऱ्हा बदलते आणि फ्रेमच्या हेडट्यूबवर (फोर्कचा दांडा ज्यात बसतो त्या नळीवर) कंपनीने गृहीत न धरलेला ताण येतो.