एमआरआयसाठी स्वतःची ग्रहण-कॉइल कशी घडवावी

ग्रहण-कॉइल म्हणजे शरीरातून येणारा रेडिओ-संकेत पकडणारे तारेचे वेटोळे. या कॉइलच्या आराखड्यात पहिला प्रश्न वारंवारतेचा नसून खोलीचा असतो: ज्या भागाचे चित्र हवे आहे, तो त्वचेपासून किती आत आहे? वर्तुळाकार वेटोळ्याची संवेदनशीलता अक्षावर त्रिज्येएवढ्या अंतरावर साधारण ३५ टक्क्यांवर येते. म्हणून वेटोळे फार लहान नको, आणि अवास्तव मोठेही नको, कारण मोठे वेटोळे शरीराच्या नको त्या भागातील गोंगाटही गोळा करते.

त्यानंतर या संकेताची वारंवारता. प्रोटॉनसाठी ती चुंबकीय क्षेत्राच्या दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५ टेस्लाला सुमारे ६३.९ मेगाहर्ट्झ असते. २ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स सुमारे २५० नॅनोहेन्री भरते व अनुनादासाठी, म्हणजे वेटोळे याच वारंवारतेला जुळवण्यासाठी, २५ पिकोफॅरड लागतात. मात्र एकच कपॅसिटर बसवू नये. वेटोळे चार ठिकाणी तोडून प्रत्येक फटीत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. त्यामुळे विद्युतक्षेत्र ऊतीत कमी शिरते आणि रुग्ण जवळ येताच वारंवारता फारशी सरकत नाही. कपॅसिटर अचुंबकीय असल्याची खात्री लोहचुंबक जवळ नेऊन करावी. टोकांवरील निकेलचा थर बघता बघता चित्र बिघडवतो.

माझ्या मते कॉइलची खरी परीक्षा स्कॅनरमध्ये नव्हे, टेबलावरच होते. वारंवारतेनुसार प्रतिसाद मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला जोडलेल्या दोन छोट्या शोधक वेटोळ्यांनी, कॉइलला स्पर्श न करता, क्यू-गुणांक (अनुनादात ऊर्जा किती कमी वाया जाते याचे माप) आधी रिकाम्या कॉइलचा आणि मग मिठाच्या पाण्याचा फँटम, म्हणजे शरीराऐवजी वापरायचा नमुना, जवळ ठेवून मोजावा. रिकामा क्यू भारित (फँटम जवळ असतानाच्या) क्यूच्या पाचपट असेल, तर कॉइलचा स्वतःचा गोंगाट एकूण गोंगाटाच्या पाचवा हिस्साच उरतो, आणि आदर्श कॉइलच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के संकेत-गोंगाट गुणोत्तर मिळते. या दोन क्यूंचे गुणोत्तर दोनच्या आसपास घुटमळत असेल, तर डाग दिलेले जोड आणि कपॅसिटर तपासावेत. केबलच्या ५० ओहमशी जुळणीही भारित अवस्थेतच करावी.

स्कॅनर स्वतः रेडिओ-लहरी सोडतो त्या प्रसारणाच्या वेळी कॉइल निष्क्रिय राहणे (डीट्यूनिंग) अत्यावश्यक आहे, नाहीतर तिच्यात प्रेरित झालेला प्रवाह चित्र विस्कटतो आणि रुग्णाला भाजूही शकतो. एका कपॅसिटरला समांतर अशी इंडक्टर व पिन डायोडची (विद्युत-स्विचसारखे काम करणाऱ्या डायोडची) जोडी लावावी. डायोड चालू होताच त्या जागी मोठा रोध उभा राहतो. केबलच्या आवरणावरून वाहणारा प्रवाह केबल-ट्रॅपने (केबलवर बसवलेल्या अनुनादी अडथळ्याने) अडवावा. अनेक वेटोळी असतील, तर शेजारच्या दोन वर्तुळांच्या केंद्रांतील अंतर व्यासाच्या सुमारे ०.७५ पट ठेवून सुरुवात करावी आणि परस्परप्रेरण किमान होईपर्यंत ते किंचित सरकवावे.

स्कॅनरमध्ये आधी फँटमच ठेवावा, डीट्यूनिंग चालू असताना कॉइलचे व केबलचे तापमान नोंदवावे, आणि माणसावरील वापर संस्थेच्या सुरक्षा व नैतिकता समितीच्या मंजुरीनंतरच सुरू करावा.